बाहुल्याचं मनगट

ठाणे,
४ ऑगस्ट १९९६

चि. कुंडलिक यास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? फळ्यावर हेच अक्षर तू दोन वर्षं पाहिलं आहेस, सातवीत आणि आठवीत. आता हात थोडा थरथरतो, पण वेलांटी अजून सुटत नाही. मी दामाजी नाखवा, तुझा मराठीचा मास्तर. वय एकोणसत्तर. चेंदणीच्या कोळीवाड्यात, वडिलांनी जिथे जाळी वाळवली त्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. समोर खाडी आहे. पाणी काळं झालं आहे, पण मी डोळे मिटून बघतो, मग ते पूर्वीसारखं दिसतं.

गेल्या गणपतीत डोंबिवलीला व्याह्यांकडे गेलो होतो. तिथल्या मंडळाच्या देखाव्यात जात्यावर दळणारी म्हातारी पाहिली. काय सुरेख मान हलवत होती! कोणी केली, विचारलं, तर कळलं, दिव्याचा कुंडलिक. माझा ऊर भरून आला. मी तिथल्या चार माणसांना सांगितलं, हा माझा विद्यार्थी.

आता कामाचं. बारा जानेवारीला आपल्या कल्याणच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे. सांस्कृतिक बाजू समितीने माझ्याकडे सोपवली आहे. माझ्या मनात एक चित्र आहे. स्टेजवर अर्ध्या चड्डीतला एक बाहुला उभा आहे, शाळेचा मुलगा. टेपवर माझ्या आवाजात माझी खाडीची कविता लागते आणि बाहुला ती साभिनय म्हणतो, तुम्ही म्हणत होता तशी. आठवतं? एकेकाचं मनगट धरून मी हात वळवायचो. मनगट हातात आलं की मुलाच्या अंगात कविता उतरली की नाही, ते मला कळायचं. आताच्या शाळांत कविता बसून वाचतात. बसून कविता कशी येईल रे?

करशील ना? शेजारी फोन आहे, पण फोनवर मला बोलणं सुचत नाही. पत्रच पाठव.

तुझा,
दामाजी नाखवा


दिवा,
१७ ऑगस्ट १९९६

आदरणीय गुरुजी,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. शकूने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी वाचलं. म्हणाली, एवढं सुंदर अक्षर, लग्नपत्रिका आहे का?

तुमची पकड आठवते. मनगटावर पाच बोटं उठलेली असायची. आई विचारायची, गुरुजींनी मारलं का? मी सांगायचो, नाही, कविता शिकवली.

ती दळणारी म्हातारी सोपी होती. मोटारगाडीच्या वायपरची मोटर आणि लाकडाची एक चकती. चकती फिरली की मान खाली-वर. ती दिवसभर तेवढंच करणार. पण कवितेला हात हवे तेव्हा, हवे तिथे थांबले पाहिजेत. त्याला वेगळी मोटर लागते, सर्वो म्हणतात. रिमोटच्या विमानाची शेपटी हलवते ती. काडेपेटीएवढी असते. आमची कंपनी चालू असताना मी कंट्रोल पॅनेलसाठी मायक्रोकंट्रोलरच्या चिपवर प्रोग्राम लिहायचो. एका चिपवर दोन हात आणि मान, तिन्ही चालतील. लॅमिंग्टन रोडवर एका गृहस्थाचं पडून मोडलेलं विमान विकायला आलंय, त्यात अशा तीनच मोटरी आहेत.

तुमच्यासाठी गंमत सांगतो. या मोटरला तीन वायरी. दोन विजेच्या, तिसरीतून चिप ठोके देते, सेकंदाला पन्नास. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असला की हात एका टोकाला, दोन भागांएवढा असला की दुसऱ्या टोकाला. तुम्ही शिकवायचात, लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तेच. फक्त माझा हात बराच वेळ दीडवर उभा असतो, आणि दीड मात्रा तुमच्या व्याकरणात नाही.

आता माझं. लपवून काय उपयोग? कंपनीला टाळं लागून चौदा महिने झाले. आपल्या शाळेत जूनपासून इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स निघणार आणि त्याला निदेशक घेणार, असं ऐकलंय. वयाची अट चाळीस. मला चार मार्चला चाळीस पूर्ण होतात. नंतर मला कोणतीच शाळा घेणार नाही. बाहुला मी करतो, तुमच्यासाठी तसाही केला असता. पण गुरुजी, मला ती जागा हवी आहे. कार्यवाह तुमचं ऐकतात. एक शब्द टाकाल का?

आपला,
कुंडलिक


ठाणे,
२६ ऑगस्ट १९९६

चि. कुंडलिक,
अनेक आशीर्वाद.

लघू आणि गुरू! अरे, विजेलासुद्धा वृत्त असतं हे मला या वयात कळावं! मी तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि ओट्यावर बोटांनी मात्रा मोजत बसलो. सूनबाईंना वाटलं, म्हातारा जप करतो आहे.

शब्द टाकला. कार्यवाह काळुरामशेठ यांच्या घरी मुद्दाम रिक्षाने गेलो. ते त्यांच्या रीतीने म्हणाले, "गुरुजी, सर्टिफिकेटं आमाला काय कलतात? बारा तारखेला अख्खी कमिटी पुढच्या रांगेत बसलेली असंल. तुमच्या मानसाचा भावला धड चालला, तर त्याचा अर्ज वरती ठेवू." तेव्हा बारा जानेवारी हीच तुझी मुलाखत समज. पंधरा फेब्रुवारीला नेमणुकीची सभा आहे. तू अर्ज करून ठेव.

कविता सोबत लिहून पाठवतो. सगळी नको, पहिल्या तीन ओळींचा अभिनय पक्का हवा.

भरती आली, भरती आली, खाडी भरली काठोकाठी,
उठा उठा हो होडीवाले, सोडा दोरीच्या गाठी.
हात कपाळी धरुनी पाहा, शीड पांढरे दूर दिसे.

'काठोकाठी'ला दोन्ही हात पसरायचे. 'कपाळी'ला उजवा हात कपाळाशी, तळवा खाली, आणि नजर लांब. हा हात चांगला चढला पाहिजे. माझे वडील असे उभे राहायचे. मी बारा वर्षांचा असताना ते एकदा गेले आणि मग मीच तसा उभा राहिलो, बरेच दिवस. ही ओळ तिथली आहे. कोणाला सांगितलेलं नाही.

तुझा,
दामाजी नाखवा


दिवा,
२० ऑक्टोबर १९९६

आदरणीय गुरुजी,
सविनय जय भीम.

उशीर झाला. बाहुला आजारी होता.

आधी त्याला हुडहुडी भरली. नुसता उभा असला तरी हात थरथर, थरथर. चार दिवस मी प्रोग्राम तपासत बसलो. शेवटी कळलं, चिपची काळी वायर आणि मोटरींची काळी वायर मी जोडलीच नव्हती. मग ठोका मोजायचा तो कुठून? वायर जोडली, थरथर गेली.

मग दुसरं दुखणं. दोन्ही हात एकदम वर गेले की तिन्ही मोटरी मिळून इतकी वीज ओढायच्या की चिप उपाशी पडायची आणि सगळं विसरून पुन्हा पहिल्या ओळीवर. 'भरती आली, भरती आली' म्हणून हात पसरला की परत 'भरती आली'. शकू म्हणाली, एवढ्या भरतीत आता आपलं दिवा गाव बुडेल. मग मोटरींना वेगळी बॅटरी दिली.

प्रत्येक चूक दुरुस्त करायची म्हणजे चिप निळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून कोरी करायची आणि पुन्हा लिहायची. तेवढ्यात मी नळावर नंबर लावून येतो.

आता चालतोय. सदरा शकूने शिवलाय. कधी येता बघायला? लाल बटण दाबलं की कविता सुरू, तुम्ही स्वतःच चालवा. पण एक नियम आहे गुरुजी. वीज चालू असताना त्याचा हात आपल्या हाताने धरायचा नाही, वळवायचा नाही. चिपने सांगितलेली जागा तो सोडत नाही. आपण ओढलं की तो उलटा जोर लावतो. आत तिळाएवढ्या दात्यांची नायलॉनची चाकं आहेत, ती जातात. आणि चौथी मोटर मला कुठे मिळायची नाही.

अर्ज रजिस्टरने पाठवलाय. पोच आली.

आपला,
कुंडलिक


ठाणे,
८ डिसेंबर १९९६

चि. कुंडलिक,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या घरून आलो तो अजून त्याच तारेत आहे. तुमच्या इमारतीचा जिना चढताना गुडघ्यांनी तक्रार केली, पण आत पाऊल टाकलं आणि शकूबाई म्हणाल्या, "या गुरुजी. थांबा, खुर्चीवरनं त्याला उठवते. सध्या घरात त्याचाच मान." मग पाण्याचा तांब्या देत म्हणाल्या, "पोटभर प्या. आज नळ आलेला, उद्याची गॅरंटी नाही." मी म्हटलं, "बाहुल्याला तीट लावा, दृष्ट लागेल." तर म्हणतात कशा, "यांना नोकरी लागू दे, तीट लावते. नाही लागली तर बंबात घालते." तू हसलास, पण त्या हसल्या नाहीत, हे मी पाहिलं.

बाहुला सुंदर आहे. डोळे मिटून टेप ऐकली, डोळे उघडले, तर एकोणीसशे सत्तर साल! फक्त एक. 'कपाळी'ला उजवा हात दोन बोटं कमी चढतो. भुवईपाशी येऊन थांबतो. तिथे हात असला की माणूस ऊन चुकवतो आहे असं वाटतं. वर कपाळाला लागला की तो वाट बघतो आहे असं वाटतं. फरक दोन बोटांचाच आहे, पण कविता त्या दोन बोटांत आहे. एवढं कर.

तुझा,
दामाजी नाखवा


दिवा,
१५ डिसेंबर १९९६

आदरणीय गुरुजी,
सविनय जय भीम.

दोन बोटं वर नाही होणार. तिथे मोटरच्या आत अडसर आहे. त्याच्या पुढचा ठोका दिला तर हात अडसराला टेकून नुसता घुंघुं करतो आणि तापतो. खांदा फोडून मोटर तिरकी बसवायची तर सगळाच बाहुला उकलावा लागेल, आणि आता मला भीती वाटते. चालतंय ते चालू दे. लोकांना दोन बोटं दिसणार नाहीत.

शनिवारी अकरा तारखेला दुपारी हॉलमध्ये आणून जोडून ठेवतो. चावी शिपाई धोंडिबाकडे असेल.

आपला,
कुंडलिक


ठाणे,
१४ जानेवारी १९९७

चि. कुंडलिक,
अनेक आशीर्वाद.

तू रविवारी न जेवता, न भेटता निघून गेलास. मी मागून हाका मारल्या. गर्दी होती, तुला ऐकू गेल्या नसतील.

मनाला लावून घेऊ नकोस. यंत्र ते यंत्र. डावा हात पसरला, मान वळली, माझा आवाज हॉलभर घुमला. उजवा तेवढा खाली लोंबत राहिला आणि खांद्यातून घर्रर घर्रर आवाज येत राहिला. कोणी कार्टा ओरडला, "ओ, याचा हात झोपलाय!" आणि सगळे हसले. हसणारे हसतात रे. काळुरामशेठ जे बोलले, "भावला धड करता येत नाय, तो पोरांना काय शिकवनार," ते त्यांनी माईक चालू आहे हे न कळून म्हटलं. त्यांच्या मनात तसं काही नसावं.

माझाही सत्कार झाला, शाल मिळाली. पण मला ती उबदार वाटली नाही.

सकाळी तू स्टेजवर चढून एकदा तपासून घेतलं असतंस तर? मला कळतं, मंडपवाले कोणाला वर जाऊ देत नव्हते. दैवच म्हणायचं.

आज संक्रांत. तिळगूळ घे, गोड बोल.

तुझा,
दामाजी नाखवा


दिवा,
२५ जानेवारी १९९७

आदरणीय गुरुजी,
सविनय जय भीम.

उजव्या खांद्याची मोटर उघडली. चार चाकांपैकी तिसऱ्याचे पाच दाते गेलेत. एका बाजूचे, ओळीने, मुळापासून. मोटर फिरते, तिचा जोर त्या खड्ड्यात जातो, म्हणून घर्रर. चालून चालून दाते झिजतात तेव्हा सगळीकडून सारखे झिजतात. हे झिजलेले नाहीत. बाहेरून कोणीतरी हात धरून वर ढकललाय.

शनिवारी दुपारी मी तो वीस वेळा चालवला. वीसच्या वीस वेळा हात वर गेला. म्हणजे शनिवार दुपार ते रविवार सकाळ.

कोणी केलं ते मला नको. पण एक सांगतो. मला शनिवारी, अगदी रविवारी सकाळी जरी कोणी सांगितलं असतं, तरी मानेची मोटर काढून खांद्याला बसवली असती. तासाभराचं काम. मंडपवाल्यांच्या पाया पडून वर गेलो असतो. मान नसती हलली, पण हात गेला असता. तिन्ही मोटरी सारख्याच आहेत.

पंधरा फेब्रुवारीची सभा व्हायचीय. तुम्ही कार्यवाहांना एक ओळ लिहा: 'बाहुला चांगला होता, आदल्या संध्याकाळी त्याला कोणाचा तरी हात लागला.' कोणाचा ते लिहू नका. तुम्ही लिहिलंत तर ते मानतील. एवढीच विनंती.

आपला,
कुंडलिक


ठाणे,
७ फेब्रुवारी १९९७

चि. कुंडलिक,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मध्ये जरा कणकण होती, म्हणून उशीर.

तू म्हणतोस ती ओळ लिहायला बसलो होतो. पण विचार कर. 'कोणाचा तरी हात' असं लिहिलं की बोट कोणाकडे जाईल? चावी धोंडिबाकडे होती. गरीब माणूस, दोन वर्षांत निवृत्त होईल. त्याच्या पोटावर पाय देऊन तुला जागा मिळाली तर तुला ती गोड लागेल का? माझे विद्यार्थी असे नव्हते. आपण कवितेत काय शिकलो? दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी आपलं मानायचं.

शेठना मी तोंडी सुचवून ठेवलं आहे, की कुंडलिक मुलगा गुणी आहे. ते 'बघू' म्हणाले. 'बघू' म्हणजे नकार नव्हे.

काल खाडीवर बगळे आले होते. तीन. बऱ्याच वर्षांनी.

तुझा,
दामाजी नाखवा


ठाणे,
२४ फेब्रुवारी १९९७

कुंडलिक,

पंधरा तारखेचं कळलं. दुसऱ्या कोणाला घेतलं. तुझं पत्र आलं नाही, येणारही नाही असं वाटतं. म्हणून मीच लिहितो आणि आज कवितेतलं काही लिहीत नाही.

तो हात माझा.

शनिवारी संध्याकाळी मी हॉलवर गेलो. धोंडिबाने कुलूप काढलं आणि तो खुर्च्या मांडायला लागला. मी लाल बटण दाबलं. कविता सुरू झाली. 'कपाळी' आलं आणि हात पुन्हा भुवईपाशी थांबला. मला राहवलं नाही. मी त्याचं मनगट धरलं. चाळीस वर्षं जसं धरत आलो तसं. दोन बोटं वर न्यायचं होतं, बाकी काही नाही.

आणि कुंडलिक, त्याने हात ओढला. मला वाटलं, मूल हट्ट करतं आहे. असे हट्ट मी पुष्कळ मोडले आहेत. तुझं पत्र त्या क्षणी आठवलं नाही, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. आठवलं होतं. तरी मी जोर लावला. आतून बारीक कटकट आवाज आला, आणि हात एकदम मऊ झाला, पाहिजे तिथे गेला. एक क्षण मला आनंद झाला. मी सोडला तेव्हा तो पडला.

मी बटण बंद केलं. म्हटलं, उद्या आपोआप नीट होईल. रविवारी सकाळी तू मंडपवाल्यांशी बोलत होतास, मी दहा पावलांवर होतो. तुझ्याकडे यायला निघालोही होतो. तेवढ्यात कोणीतरी मला हार घालायला बोलावलं. मी गेलो.

शेठना ओळ लिहिली असती तर त्यांनी विचारलं असतं, कोणाचा हात? आणि ज्यांनी मला शाल घातली त्यांच्यासमोर मला सांगावं लागलं असतं. धोंडिबाचं नाव मी त्यासाठी पुढे केलं. त्याचा काही दोष नाही.

तू सांगशील ते प्रायश्चित्त घेईन. क्षमा करशील का?

दामाजी


दिवा,
६ मार्च १९९७

गुरुजी,
जय भीम.

मला बारा जानेवारीलाच माहीत होतं. बाहुला उचलायला गेलो तेव्हा धोंडिबाने स्टेजमागे सांगितलं. म्हणाला, "माझं नाव घेऊ नको, पण गुरुजी हात मुरगाळत होते, मी बघितलं." मोटर मी नंतर उघडली, तो खोटं बोलत असेल तर बरं, या आशेने.

पंचवीस जानेवारीचं पत्र मी हे माहीत असूनच लिहिलं. 'कोणाचा ते लिहू नका' असं मुद्दाम लिहिलं, म्हणजे तुम्हाला वाट राहील. पंधरा फेब्रुवारीपर्यंत रोज पोस्टमनची वाट पाहिली. शकू म्हणायची, तुमचे गुरुजी लिहितील, इतकं सुंदर अक्षर आहे त्यांचं. सात तारखेचं तुमचं पत्र आलं, त्यात धोंडिबा आणि बगळे होते.

हात तुटला याचा मला राग नाही, खरंच नाही. तो लाकडाचा होता. तुम्ही हार घालून घ्यायला गेलात त्याचा आहे. तासाभराचं काम होतं, गुरुजी.

परवा चाळीस पूर्ण झाली. मानपाडा रोडला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मालकाचं वय सव्वीस, मला 'अरे कुंडलिक' म्हणतो. बाहुला शकूने बंबात नाही घातला. तिच्याने झालं नाही. तुकडे करून मोटरी मी काढून घेतल्या, बाकी खोक्यात आहे.

क्षमेचं विचारता. तुमचं चोवीस तारखेचं पत्र सोबत परत पाठवतोय. ते ज्याने वाचायला हवं तो मी नाही. मी जास्तीचं एक पाकीट घातलंय, तिकीट लावलेलं, त्यावर कार्यवाहांचा पत्ता आहे. तुमचं पत्र त्यात घालून पेटीत टाका. नको वाटलं तर टाकू नका. मला कळवायची गरज नाही.

कुंडलिक


ठाणे,
२ एप्रिल १९९७

कुंडलिक,

कळवायची गरज नाही असं तू लिहिलंस, तरी लिहितो.

पाकीट तेरा दिवस उशाशी होतं. बावीस तारखेला पेटीत टाकलं.

परवा काळुरामशेठ घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला. खूप हसले. म्हणाले, "गुरुजी, तुमी पन! भावल्यासाठी एवढी चार पानं? अहो, ती जागा माझ्या मेव्हन्याच्या पोराची. ऑगस्टातच ठरलेली. तुमी घरी आलात, तुमाला नाय कसं म्हनू? म्हनून बोललो, भावला दाखवा. हात वर गेला असता तरी तेच, नाय गेला तरी तेच. तुमी कशाला जिवाला लावून घेता?"

ते गेल्यावर मला आधी हलकं वाटलं. हे तुला लगेच कळवावं म्हणून कागद घेतला. मग वाटलं, हे ऐकून हलकं कोणाला व्हायचं आहे? शेठ खरं बोलले की म्हाताऱ्याची समजूत घातली, हे मला सांगता येत नाही. मी विचारलं नाही. आणि ऑगस्टात ठरलं होतं हे खरं धरलं, तर तुझी सहा महिन्यांची आशा मीच त्यांच्या दारातून उचलून तुझ्या घरी नेऊन ठेवली.

शाळेने माझ्या पत्राची रीतसर पोच पाठवली आहे. जावक क्रमांक आहे, शिक्का आहे. खाली लिहिलं आहे: 'नेमणूक झाली असल्याने विषय दप्तरी दाखल.' ती सोबत जोडतो.

जपून ठेव, असं लिहिणार होतो. कशासाठी, ते सुचलं नाही.

दामाजी नाखवा